आंब्यावरची खोप पाहायला निपाणीला

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, औषधापेक्षा मोकळी हवा मोठी. बाईंना या बोळातून बाहेर काढा. आणि निजायचं वेगळं." त्याच दुपारी मी कागद घेऊन खोप काढायला बसलो. शहापुरात आमचं घर दोन हातमागांच्या मधोमध. दिवसभर धोट्याची खडखड, हवेत सुताची कुसं. पत्नीचा खोकला वर्षभर हटला नव्हता. चाळीस वर्षं मुलांना कविता शिकवल्या, त्यांतल्या पर्णकुट्या डोक्यात अशा बसलेल्या की कागदावर झाड आधी उतरलं. मग त्याच्या फांद्यांत खोप, खोपीत खाट. माझा जुना विद्यार्थी दत्तू निपाणीजवळ तंबाखू पिकवतो. त्याचं पत्र आलं होतं, "मळ्यात आंब्यावर राखणीचा माळा आहे. येऊन बघा, पसंत पडला तर वहिनींसाठी इथंच खोप बांधू."

कार्तिकात निघालो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी. जाणाऱ्यांनी पुढची जागा धरावी, मागे बसलेला माणूस काळा होऊन उतरतो. काकतीच्या पुढे ती दोनदा बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून भट्टीला वारा घालत म्हणाला, "मोटार न्हाय मास्तर ही, चूल हाय. फुकलं की चालतीय." संकेश्वरला अर्धा तास मुक्काम. तिथं भजी गरम मिळतात, तरी भाकरी आपली बरोबर असावी.

मळ्यात पोचलो आणि जीव निवला. तंबाखूची रुंद हिरवी पानं, वर स्वच्छ वारा. दत्तूनं बोलावलेला बाळाप्पा सुतार आंब्याखाली बसला होता. माझा कागद त्यानं बघितलाच नाही. "आदी वर जाऊन बसा. झाड कसं हलतंय ते बुडाला कळल्याशिवाय मी पटाशी काढत न्हाय." त्याची ही रीतच. तासभर बसलो. झाड श्वास घेतल्यासारखं हलत होतं. इथं ती बरी होईल, असं मला अगदी आतून वाटलं.

बाळाप्पानं जे सांगितलं ते खोप बांधू पाहणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं. भार झाडावर नको, बाभळीच्या मेढींवर, म्हणजे दुबेळक्याच्या खांबांवर घ्यावा. झाडाला खिळा मारू नये. केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या दोरानं बांधावं, तेही ढिलं, कारण झाड वाढतं. छपराला उसाचा पाला स्वस्त पण लवकर कुजतो, गवत घ्यावं. पश्चिमेची वळचण खाली ओढावी, पाऊस तिकडून येतो. आणि खिडकी? "उभ्या माणसाच्या डोळ्याला नको. पडलेल्याच्या डोळ्याला पायजे." एवढ्या कवितांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दत्तूची बायको झुणका-भाकरी घेऊन आली. आम्ही तिला आक्काच म्हणतो. सगळं ऐकून तिनं दत्तूकडं बघितलं. "खोकल्याच्या माणसाला हितं आणतासा? माघात तंबाखू झोडाय लागलं की तिखट धुळीचा खकाणा गावभर उडतोय. आमी नाकाला पदर बांधून बसतो, आन त्या बसणार वर, वाऱ्यात?"

दत्तूचा घास हातात राहिला. "आमाला वासच येत न्हाय आता, मास्तर," तो हळू म्हणाला. "ध्यानातच आलं न्हाय."

त्याच्यावर रागवणार कसा? मीही तासभर वर बसून त्याच पानांवर भुललो होतो.

बाळाप्पानं आता कुठं माझा कागद उचलला. "शहापुराजवळ अनगोळात तुमचा आंबा हाय म्हणतासा, तितं बांधू. पर शिडी अकरा पायऱ्यांची. वहिनी चढतील?"

मला माहीत नव्हतं.

"आन खाट एकच. तुमी कुटं?"

घरी परतलो तर पत्नी उंबऱ्यात बसलेली. कागद तिनं मांडीवर पसरला.

"लई उंच काढलासा," ती म्हणाली. मग बोट खाटेवर ठेवून, "ह्यात मी एकटीच व्हय?"

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरांचं ऐकते की. पण मला झाडावर ठेवून तुमी हितं जेवणार असला, तर मी मागाची खडखड ऐकत हितंच मरते. घरातनं काढल्यागत नको."

बाळाप्पा अनगोळात येऊन आठ दिवस राहिला. खोप झाडावर झाली नाही, आंब्याच्या सावलीत दोन पायऱ्यांवर झाली. दोन खोल्या, दोन खाटा, मधे शेणानं सारवलेली कुडाची भिंत, पण छपरापर्यंत न नेलेली. खिडक्या दोघांच्या वेगळ्या, आवाज एक. झाडावरच्या त्या तासाची हुरहूर अजून जात नाही, खोटं कशाला बोलू? पण ती खोप मी माझ्यासाठी काढली होती.

खोकला थांबलेला नाही. डॉक्टरही आता हमी देत नाहीत. दुपारी मोठी उबळ येते. ती सरली की थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, मी वाचता वाचता थांबतो. मग कुडापलीकडून ती विचारते, "हायसा न्हवं?"

मी "हाय" म्हणतो.