बुराकबाई

हौसाक्काच्या हातात गॅसची छोटी बाटली दिली की ती आधी तिचा रंग खरवडायची. 'या, बसा' असं काही नाही. कमरेला खोवलेला बोथट चाकू काढायचा, बाटली आडवी धरायची आणि बुडाचं कडं जिथे जोडलेलं असतं तिथे खर्र खर्र सुरू. गिऱ्हाईक कळवळायचं.

"अगो बाई, कालच रंगवली गे ती!"

"म्हनूनच खरवडतीया. चांगली हुती तर कालच कशापायी रंगवलीस?"

रंगाखाली लोखंड गुळगुळीत निघालं तर बाटली भरून मिळे. गंजाने खाल्लेलं निघालं तर हौसाक्का मालकाला विचारत नसे. बाटलीत उरलासुरला गॅस असेल तो उघड्यावर सोडून द्यायची, नळ काढायची, बाटलीत गळ्यापर्यंत पाणी ओतायची आणि छिन्नी लावून हातोड्याच्या दोन ठोक्यांत तिच्या पोटाला भोक पाडायची. मग ती बाटली जगात कोणीही भरू शकत नसे. आमच्याकडे गोव्यात भोकाला 'बुराक' म्हणतात. नदीकाठच्या नार्वे गावातल्या मासे मारणाऱ्यांनी तिचं नाव बुराकबाई ठेवलं होतं. ते तिला ठाऊक होतं. "बेस हाय की," ती म्हणायची, "लांबनं वरडाय सोपं."

हौसाक्का मूळची गडहिंग्लजकडची. नवरा डिचोलीच्या एका खाणीवर फिटर होता, अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. घरातलं सगळं बोलणं आक्काच करायची आणि तो समाधानाने ऐकायचा. ती मॅट्रिक झालेली होती आणि ही गोष्ट ती कोणालाही विसरू देत नसे. साखळीच्या बाजारात दादासाहेबांच्या चाळीच्या कोपऱ्यावर, वर पत्रा आणि तिन्ही बाजू उघड्या, अशी तिची जागा होती. त्या दिवसांत आमच्या तालुक्यात वीज आली तरी टिकत नसे. जत्रेत मिठाई विकणारे खाजेवाले, नाटकवाले आणि नदीवर बत्ती लावून कोळंबी-कुर्ल्या पकडणारे होडीवाले, सगळ्यांकडे छोट्या बाटलीवर बसवलेल्या गॅसबत्त्या असत. मोठ्या टाकीतून त्या बाटल्या भरून देणं हा आक्काचा धंदा.

भरायची तिची पद्धत बघायला लोक उभे राहत. मोठी टाकी लोखंडी घोड्यावर उलटी टांगलेली, आणि छोटी बाटली बादलीतल्या बर्फात मानेपर्यंत बुडवलेली. बाटली गार झाली की गॅस तिच्यात आपसूक उतरतो, असं ती सांगे. बर्फ मिळायचा समोरच्या पारूकडून. पारू नार्व्याची, रोज पहिल्या बसने मासळी घेऊन बाजारात यायची. म्हापशाहून बर्फाची गाडी आली की पारू तिचा बर्फ फोडायची, आणि चुरा आक्काच्या बादलीत. त्या बदल्यात आक्काने तिला काय द्यायचं हे कधी ठरलंच नव्हतं. दोघी दिवसभर एकमेकींना शिव्या घालायच्या, तेवढ्यात व्यवहार पुरा होत असावा.

"पारू, ह्यो बर्फ हाय का बांगड्याचं सार? काय वास मारतोय!"

"तुज्या गॅसापरस बरो गे. तुका नाक आसा?"

बाटली कधीही काठोकाठ भरायची नाही, हा तिचा दुसरा हट्ट. काट्यावर ठेवून वजन झालं की नळ बंद. वर जागा रिकामी. लोक म्हणत, ही घाटावरची बाई फसवते, अर्धीच भरते. एकदा एका खाजेवाल्याने भर बाजारात तसं म्हटलं. आक्काने बर्फातली बाटली उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "आत्ता गार हाय. मंग तू ही उनात ठिवनार, भट्टीच्या कडंला ठिवनार. आतलं फुगनार. फुगाय जागा नगो? पोटभर जेवलेल्या माणसाला पळाय लावलं तर त्यो वकतोय. ही वकत न्हाई. फुटतीया." मग नळाभोवती साबणाचा फेस लावून, एकही बुडबुडा येत नाही हे त्याला वाकायला लावून दाखवलं आणि म्हणाली, "जा आता. आन् माझी बदनामी करायची तर भरलेली बाटली घरी ठिवून मंग कर."

एवढी काळजी म्हणजे मागे काहीतरी घडलेलं असणार, असं सगळ्यांना वाटायचं. तिचा भाऊ जळून मेला, तिची बहीण गेली, अशा कथा बाजारात फिरत होत्या. मी एकदा सरळ विचारलं. ती भडकली. "कोनी मेलं न्हाई माझं. समदी धडधाकट हाईत. कोन मेल्याबिगार माणसानं शानं व्हायाचंच न्हाई काय रं?"

मला हे वाक्य तेव्हाही आवडलं होतं आणि आजही आवडतं. मी पत्रकं वाचत वाढलेला. आमच्या घरी भिंतीला कॅलेंडर नसे, पण पत्रकांचे गठ्ठे असत. आणि आमची बहुतेक पत्रकं कोणीतरी मेल्यावरच निघत.

ते राजभाषेच्या चळवळीचे दिवस होते. गोवा राज्य होणार हे सगळे म्हणत होते, आणि त्या राज्यात मराठीला कोणतं स्थान, यावर पेडण्यापासून साखळीपर्यंत सभा होत होत्या. आमच्या भागाची पत्रकं मी लिहायचो. दादासाहेब आमच्या समितीचे अध्यक्ष. माणूस उदार. सभेला खुर्च्या त्यांच्या, जीप त्यांची, आणि साखळीच्या मैदानावर संध्याकाळची मोठी सभा ठरली तेव्हा गॅसबत्त्याही त्यांच्याच. त्या वर्षानुवर्षं त्यांच्या गोदामात पडून होत्या. सभेसाठी बाटल्यांना चंदेरी रंग मारून त्यावर लाल अक्षरांत दादासाहेबांचं नाव घातलं होतं. सभेच्या दिवशी सकाळी त्या भरून आणायला मीच गेलो. तिची जागा दादासाहेबांचीच, तेव्हा काम पटकन होईल असा माझा समज.

आक्काने चाकू काढला.

"आक्का, दादासाहेबांच्या आहेत."

"वाचाय येतंय मला. मॅट्रिक हाय."

पहिल्या दोन चांगल्या निघाल्या. तिसरीच्या बुडाशी तिने चाकू फिरवला आणि रंगाबरोबर लोखंडाचे पापुद्रे गळून खाली पडले. चौथीचंही तेच. आक्काने माझ्याकडे बघितलं. ही जागा कोणाची, भाडं कोण घेतं, पावसात खाण बंद झाली की नवरा घरी बसतो आणि चूल कशावर पेटते, हे सगळं त्या बघण्यात होतं. तिला ते कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये. तिने पुरतं कळून हातोडा उचलला. छिन्नी नेमकी दादासाहेबांच्या नावाच्या मधोमध बसली. मुद्दाम नव्हे, तिथे पत्रा सपाट होता.

दुपारी दादासाहेब स्वतः आले. भोक पडलेल्या बाटल्या त्यांनी हातात घेऊन बघितल्या. आवाज चढवला नाही.

"एका संध्याकाळचा प्रश्न होता, हौसाबाई. भरून दिल्या असत्यात तर काय बिघडलं असतं?"

"मैदानात पोरं बत्तीखालीच बसत्यात, सायेब."

"माझं नाव फोडलंत तुम्ही. उद्या सकाळी बाजारात चार माणसांसमोर सांगा, बाटल्या चांगल्या होत्या, माझी चूक झाली. मग विषय संपला. नाहीतर जागा खाली करा."

सभा उरलेल्या चांगल्या बत्त्यांवर झाली. उजेड कमी होता, गर्दी भरपूर होती. माझ्याच पत्रकातली वाक्यं दादासाहेबांनी माइकवरून म्हटली : सह्याद्रीच्या अलीकडचे आणि पलीकडचे आपण एक, मराठी बोलतो तो आपला. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर मी त्यांना म्हटलं, "दादासाहेब, आक्काची जागा राहू दे."

ते म्हणाले, "तू मधे पडू नकोस. ह्या घाटी लोकांना जागा द्यायची आणि वर त्यांनीच आम्हाला शिकवायचं?"

मी खिशातलं पत्रक काढून ती ओळ त्यांना वाचून दाखवली. त्यांना राग आला नाही. लहान मुलाला समजवावं तसं ते म्हणाले, "ते सभेसाठी असतं रे."

मराठीवरची माझी श्रद्धा या वाक्याने तसूभरही हलली नाही, हे मी स्वच्छ लिहून ठेवतो. हलली ती अध्यक्षांवरची. त्यांच्या नावाखाली निघणारं पत्रक मी त्यानंतर लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. माणसं मुद्दाम आक्काच्या कोपऱ्याशी रेंगाळत होती, आता ती काय बोलते म्हणून. ती बोललीच नाही. नवऱ्याने रजा टाकली होती. दोघं मिळून टाकीचा घोडा सोडवत होती. मी तावातावाने तिला दादासाहेबांचा 'घाटी' शब्द सांगितला. वाटलं, चिडेल. ती हसली.

"घाटीच हाय मी. घाट उतरून आले. बोटीतनं आले असते तर मड्डम म्हनला असता."

"आक्का, मी याच्यावर पत्रक काढणार. तुझ्यावर झालेल्या अन्यायाचं."

"माझ्यावर नगं. बाटलीवर काड. बूड कसं बघायचं, भरताना किती जागा सोडायची, साबणपानी कसं लावायचं. लोकांच्या उपेगाचं काय तरी लिव की कवातरी."

समोरून पारू सगळं ऐकत होती. टोपलीतले मासे तिने शेजारणीच्या हवाली केले, पदर खोचला आणि टेम्पोवाल्याला हाक मारली. आक्काला म्हणाली, "चल गे, नार्व्याक. आमची खोप आसा न्हंयेच्या देगेर." नदीकाठी तिच्या घरच्यांची जाळी ठेवायची झोपडी होती.

आक्का नार्व्याला राहिली, तिथेच तिचा धंदा वाढला, हे मी आधीच सांगून टाकतो. गेल्या वर्षी नवऱ्याची खाणीवरची नोकरी संपली आणि ती दोघं गडहिंग्लजला परतली. मी निरोप द्यायला गेलो होतो. तिच्या सांगण्यावरून मी बाटल्यांवर काढलेल्या पत्रकाचा अख्खा गठ्ठा तिने मागून घेतला. "आमच्याकडं बी हाईत दादासायेब," म्हणाली. रडणंबिडणं काही झालं नाही. पण मला ती आठवते ती त्या पहिल्या दिवशीची, टेम्पो नदीकाठी थांबला तेव्हाची.

खोपीशी होडीवाले जमले होते. त्यांच्यात पारूचा नवरा वामन, सगळ्यांत वडीलधारा. त्यानेच अट घातली. आक्काला समजावं म्हणून तो मराठीत बोलला.

"राहा बाई. जागा आमची, भाडं नको. एकच सांगतो. आमच्या बाटल्यांना बुराक पाडायचा नाही. वाईट असली तर परत दे, आम्ही बघू काय ते."

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांच्यातल्या अनेकांच्या बाटल्या तिने पूर्वी फोडल्या होत्या.

आक्का टेम्पोतून अर्धी उतरली होती. तिने नवऱ्याला हाक मारली. "अवो, उतरवू नगासा. बांदा परत." आणि वामनला म्हणाली, "दादा, उपकार झाले. पर परत दिली तर तुमी ती दुसरीकडनं भरनार. भरनार का न्हाई, खरं सांगा."

वामन होडीच्या काठावर जाऊन बसला.

"मंग माझा काय उपेग? वाईट बाटली वळखून हातात परत द्यायची, तर मी साखळीतच ऱ्हायले नसते का?"

तिला जायला दुसरी जागा नव्हती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, टेम्पोवाल्यालाही माहीत होतं. ती पुन्हा वर चढून बसली. माणसं नदीकडे बघू लागली.

पारू मात्र तरातरा घराकडे गेली. परत आली ती दोन्ही हातांत दोन बाटल्या घेऊन. रोज होडीवर जायच्या त्याच. त्या तिने टेम्पोच्या फळीवर आक्कासमोर आदळल्या आणि वळून पुरुषांना म्हणाली, "तुमी बत्ती घेवन न्हंयेंत वतात. रातभर वाट आमी पळयतांव. तुमकां कोणें विचारलां?" नदीत जाता तुम्ही, रात्रभर वाट बघतो आम्ही बायका, असं तिचं म्हणणं. मग आक्काला, "पयलीं म्हज्यो पळय."

आक्काने पारूकडे बघितलं नाही, आभार मानले नाहीत. चाकू काढला आणि खरवडू लागली. पहिली चांगली होती, ती बाजूला ठेवली. दुसरीच्या बुडाशी चाकूचं टोक रुतलं, तेव्हा तिने ती वामनसमोर धरली. त्याने बोट लावून बघितलं. बोटाला तांबडा भुगा लागला. ती बाटली त्याने आदल्या रात्री दोन पायांत धरून होडीवर नेली होती, असं पारूने मला नंतर सांगितलं.

आक्काने बाटली उघड्यावर रिकामी केली, नळ काढला, नदीचं पाणी आत भरलं. छिन्नी हातात घेतली आणि इकडेतिकडे बघू लागली. हातोडा सामानाच्या तळाशी कुठेतरी गेला होता.

वामन उठला, टेम्पोत चढला, टाकीचा घोडा, बादल्या, गोणपाटं एकेक करून खाली उतरवली, आणि शेवटी तळाचा हातोडा काढून त्याने तिच्या हातात दिला.