मधुवंतीचं टपाल

हे माझ्या बायकोला माहीत नाही. भावाला नाही. ज्या मित्राबरोबर गेली कित्येक वर्षं संध्याकाळी मांडवीला फिरायला जातो, त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही रस्त्यात समोर आलात तरी मला ओळखणार नाही — बघा, कबूल करायला बसलो तरी आधी स्वतःची सोय बघितली. असा मी आहे. माझी समजूत काढायचा विचार असेल तर आत्ताच उठा. मला ती नको आहे.

रत्नागिरीत कोर्टाजवळ माझं टायपिंगचं दुकान होतं. १९९८ साली पहिला कॉम्प्युटर घेतला आणि टाइपरायटर माळ्यावर टाकला. प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, वारसांचे अर्ज. लोक यायचे, आपापलं खरंखोटं सांगायचे, मी ते टाइप करायचो आणि खाली ठरलेली ओळ घालायचो — वरील मजकूर खरा आहे. दिवसातून वीस वेळा. सरळ माणूस, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, अशी माझी ख्याती. वकील लोक चहाला बोलवायचे.

आणि त्याच कॉम्प्युटरवर, दुपारी गिऱ्हाईक नसलं की, मी गोष्टी लिहायचो. पुरुषाची बाई होते, अशा गोष्टी. पहिल्या गोष्टीत एक तलाठी कार्यालयातला कारकून होता. पालीच्या पुढे जंगलात एक म्हातारा वैद्य त्याला काढा देतो आणि सात दिवसांत त्याचं सगळं बदलतं — आवाज, कातडी, चाल. सातव्या दिवशी तो आरशासमोर उभा राहतो. ते पान मी अकरा वेळा लिहिलं. एवढं घोटून घोटून का लिहिलं? — का म्हणजे काय? मलाच ते हवं होतं. आठवीत असल्यापासून हवं होतं. झालं. लिहिलं एकदाचं. जन्मभर पुरुष म्हणून वावरलो, हेही तसंच लिहितोय. याहून जास्त हिंमत माझ्यात कधी नव्हती. पण कबुली ही नाही. त्यात माझा काही गुन्हा नाही. गुन्हा पुढे आहे.

कुठलाही प्रकाशक असलं पुस्तक काढणार नव्हता. एकाने हस्तलिखित परत पाठवलं, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. मग मीच काढलं. मिरजोळ्याला एका प्रेसमध्ये पाचशे प्रती. लेखिकेचं नाव — मधुवंती. प्रेसवाल्याला सांगितलं, कोल्हापूरच्या एक बाई आहेत, समोर यायला लाजतात, मी आपला त्यांचं काम बघतो. टपाल माझ्या दुकानाच्या पत्त्यावर. चिपळूण, खेड, कणकवली, एकेका एस.टी. स्टँडवर पिशवी घेऊन गेलो आणि स्टॉलवाल्यांना हेच ऐकवलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. पुस्तक खपलं नाही.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी शहाणा झालो. पालीचा वैद्य आणि काढा तोच ठेवला, पण मुखपृष्ठावर छापलं, 'खरी घडलेली गोष्ट. नावे बदलली आहेत.' आत शेवटच्या पानावर, 'मधुवंतीताईंना पत्र लिहा, त्या स्वतः उत्तर देतात.' जाहिरातीचे चिटोरे छापून एस.टी.च्या खिडक्यांत खोचले. आणि काय सांगू, खपलं. जे वकील माझ्या दुकानात बसून जगाच्या अब्रूची चर्चा करायचे, त्यांच्याच बॅगेत ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं दिसायचं. वरून कीर्तन, आतून तमाशा. मला त्यांची अशी चीड यायची. अजून येते — पण थांबा. मी पुन्हा दुसऱ्यांवरच चिडतोय. खोटी ओळ त्यांनी नाही छापली. जो माणूस रोज 'मजकूर खरा आहे' लिहून पोट भरत होता, त्याने छापली.

पत्रं येऊ लागली. बरीचशी घाणेरडी. ती फाडून टाकायचो. एक मात्र बुरोंडीहून आलं. वहीच्या पानावर, दोन्ही बाजूंनी, एकही खाडाखोड नसलेलं. लिहिणाऱ्याचं घरचं नाव नंदकुमार, वय सव्वीस, वडिलांची मासेमारीची बोट. खाली सही मात्र 'नंदा'. सरळ विचारलं होतं — ताई, पालीचे वैद्य नक्की कुठे राहतात? मी दोनदा जाऊन आले. बाजारात विचारलं तर लोक हसले. कुठल्या स्टॉपवर उतरायचं, तेवढं कळवा.

दोनदा. बुरोंडीहून पाली. गाड्या बदलत दिवस जातो. माझ्या एका खोट्या ओळीवर विश्वास ठेवून ती — मी तिला 'ती'च म्हणणार, निदान एवढं तरी — ती जंगलात वैद्य शोधत फिरली. तेव्हाच लिहायला हवं होतं की बाई गं, वैद्य नाही, काढा नाही, मधुवंती नाही; मी एक टायपिस्ट आहे आणि मलाही तोच वैद्य हवा होता. काय बिघडलं असतं? मी मधुवंती होऊन लिहिलं, वैद्य गेल्या पावसात वारले. पण तू खचू नकोस.

त्यानंतर दीड वर्ष आमची पत्रं चालली. खोटं बोलत नाही — आता कशाला बोलू? — ते दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं होतं. ती लिहायची, शिमग्यात नमनाच्या खेळात ती राधा होऊन नाचते, त्यासाठी केस वाढवलेत, आणि तो एक महिना सोडला तर गावात कुणी तिच्याकडे नीट बघत नाही. एक साडी आहे, ती जाळ्यांच्या खोलीत कुठे लपवलीय. मी लिहायचो, मला मोरपंखी रंग आवडतो. मला कोल्हापुरात चांगले सोडे, आपली सुकी कोळंबी, मिळत नाहीत. मी एका माणसाशी पहिल्यांदाच बाई म्हणून बोलत होतो आणि ती मला 'ताई' म्हणत होती. टपाल यायच्या वेळेला मी दुकानाच्या पायरीवर उभा असायचो.

मग घरचे तिचं लग्न ठरवायला लागले. तिने विचारलं, ताई, काय करू? आणि मी सल्ला दिला. काय सल्ला दिला असेल? घरी सांगून टाक. घाबरू नकोस. सत्याला मरण नाही. — हे कुणी लिहावं? ज्याच्या बायकोला त्याच्या उशाखालची चावी या पत्रांच्या पेटीची आहे हे माहीत नव्हतं, त्याने. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. त्यावर तिचं सहा पानी उत्तर आलं. आईला सांगितलं, आई रडली, पण मारलं नाही. आता बाबांना सांगायचं धैर्य गोळा करतेय. अजून कुणाला कळू देऊ नका, ताई, मला थोडे दिवस हवेत.

तेव्हा माझं तिसरं पुस्तक प्रेसला चाललं होतं. शेवटची आठ पानं 'वाचकांची पत्रे' म्हणून ठेवली होती आणि त्यात घालण्याजोगं एकही पत्र नव्हतं. मी नंदाचं पत्र घातलं. नाव बदललं — किती काळजी माझी! — पण गाव ठेवलं. का? खरं गाव असलं की पत्र खरं वाटतं, म्हणून. नमनातली राधा ठेवली, बापाची बोट ठेवली, जमत असलेलं लग्न ठेवलं. 'कुणाला कळू देऊ नका' ही ओळ तेवढी काढली. विसरून झालं नाही हे. नजरचुकीने नाही. मी त्या ओळीवर कर्सर नेला आणि ती पुसली. दाभोळपासून हर्णैपर्यंतच्या स्टॉलवर पुस्तक गेलं. बुरोंडीत बोटवाल्याच्या घरची राधा अशी असून असून किती असणार?

पावसाळ्याच्या आधी, कोर्टाच्या सुट्ट्या लागायच्या तोंडावर ती दुकानात आली. ऐन गर्दीची वेळ. पँट-शर्ट, हातात कापडी पिशवी. केस कापलेले होते, न्हाव्याने कापल्यासारखे नाहीत, कुणीतरी धरून कापल्यासारखे. कानामागे जखम सुकलेली. मी काही विचारायच्या आत हळू आवाजात म्हणाली, "मधुवंतीताई हितं येतात ना? त्यांना सांगा, बुरोंडीची नंदा आलेय." मी म्हटलं, त्या इथे नसतात, फक्त टपाल येतं. ती म्हणाली, "मग मी बसते थोडी. आज आल्या तर आल्या."

आणि ती बाकावर बसली. तासभर, दोन तास. मी टाइप करत होतो, एका ओळीत चार चुका. ती चिडलेली नव्हती, तेच मला सोसवेना. मध्येच उठून माझ्या टेबलाशी आली आणि कुजबुजली की ताईंना फसवलंय कुणीतरी. पत्र त्यांच्याकडून चोरून छापलंय, त्यांना सावध करायला हवं. बाबांनी बोटीवरून काढलंय, घरातून काढलंय, लग्न तर मोडलंच, पण ते असू दे. "ताईंचं नाव नको खराब व्हायला." पिशवी टेबलावर ठेवली. "सोडे हायत. त्यांना आवडतात. आईनं दिलेत."

आई अजून तिच्या बाजूने होती, म्हणजे. हे मला आत्ता, लिहिताना कळतंय.

बाकावरचे लोक बघायला लागले होते. एक वकील आत आले. माझे जुने गिऱ्हाईक, माझं दुसरं पुस्तक त्यांच्याकडे आहे हे मला माहीत होतं. त्यांनी नंदाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "हे काय रे? तुझ्याकडं कोण हे?"

एवढंच विचारलं. धमकी नाही, काही नाही. 'गिऱ्हाईक आहे' म्हणता आलं असतं. 'ओळखीचे आहेत' म्हणता आलं असतं. मी हसलो आणि मोठ्याने म्हणालो, "असले छक्के कुठून कुठून येतात साहेब, काय करायचं. ए, चल, ऊठ. इथं चांगली माणसं येतात."

सगळे हसले. वकील हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो. त्या शब्दाला मी आठवीपासून घाबरत होतो, तो कधीतरी कुणीतरी मला म्हणेल म्हणून माझी झोप उडायची. आणि तो माझ्या तोंडात किती तयार होता! शोधावा लागला नाही. ती उठली. दारात वळून एवढंच म्हणाली, "पिशवी ताईंना पोचती करा हां." आणि गेली.

तुम्हाला वाटेल, मग मी मागे धावलो असेन. निदान स्टँडवर जाऊन बघितलं असेल. नाही. वकिलांचं प्रतिज्ञापत्र पूर्ण केलं, खाली ती ओळ घातली, दुकान बंद केलं आणि पिशवी घेऊन घरी आलो. बायकोला सांगितलं, दापोलीकडचं गिऱ्हाईक होतं, त्याने दिलेत. तिने वांगं घालून केले. सोडे उत्तम होते. मी दोनदा वाढून घेतलं. मला मळमळलं नाही, घास अडकला नाही. असं काही झालं असतं तर आज जरा बरं वाटलं असतं.

लाज वाटून लिहिणं तरी सोडलं का? तेही नाही. पुढच्या वर्षी चौथं पुस्तक काढलं. त्यात एक मुलगी एका लेखिकेला भेटायला येते आणि लेखिका तिला पोटाशी धरते. सगळ्यात जास्त खपलेलं माझं पुस्तक ते. वाचकांची पत्रंही होती त्यात. ती मीच लिहिली.

ते पुस्तक बाजारात असताना मधुवंतीच्या नावाने एक पत्र आलं. अक्षर मी पाकिटावरूनच ओळखलं. पनवेलहून होतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तरी मी शटर अर्धं खाली ओढून वाचलं. लिहिलं होतं की ती बरी आहे, तिच्यासारख्याच दोघींबरोबर एका खोलीत राहते, कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते, केस पुन्हा खांद्यापर्यंत आलेत. चौथं पुस्तक वाचलं, फार रडली. ताई, तुम्ही मला भेटल्या असत्या तर अश्शाच वागल्या असत्या, मला माहीत आहे.

आणि खाली, वेगळ्या परिच्छेदात: 'एक सांगते, राग मानू नका. रत्नागिरीच्या त्या दुकानातल्या माणसाकडे टपाल ठेवू नका. माझं पत्र त्यानेच प्रेसला दिलं असणार. तुम्ही भोळ्या आहात, तुम्हाला कळायचं नाही. तो माणूस चांगला नाही. त्याच्यापासून जपून राहा.'

पत्राच्या वरच्या कोपऱ्यात तिचा पूर्ण पत्ता होता, खोली नंबरासकट. मी उत्तर दिलं नाही.