तव्यापाशी मोजलेल्या भाकरी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुठंही मान वर करून सांगते. पण नांदेडच्या त्या ऑफिसात सुरुवातीला माझी मान खालीच असायची. खेड्यातल्या, घरात पहिल्यांदाच शिकलेल्या मुलामुलींना आरोग्याच्या संशोधनात आणायचं म्हणून एक फेलोशिप होती, तिच्यात माझी निवड झाली होती. सहा महिन्यांनी काम तपासणार. पसंत पडलं तर पुढची दोन वर्षं, नाही तर गाव.

अंगात रक्त कमी असलेल्या बायका दिवसभरात काय खातात, ते विचारून लिहायचं, हे माझं काम. गावं आपली आपण निवडायची होती. मी चाकूरकडची, मामाच्या गावाच्या आसपासची घेतली. वाटलं, ओळखीची माणसं, पटापट सांगतील. सांगितलंही. चाळीस बायका, चाळीस फॉर्म, कुठं खाडाखोड नाही. मॅडमच्या टेबलावर गठ्ठा ठेवताना मला केवढा ताठा!

मॅडम आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. त्यांनी दहा-बारा फॉर्म वाचले आणि चष्मा काढला.

“सगळ्याजणी दोन्ही वेळेला दोन-दोन भाकरी, वरण, भाजी खातात. आणि रक्त सात-आठ. तुला पटतं हे?”

“त्यांनीच सांगितलं, मॅडम.”

“कुणाला?”

“मला.”

“आणि तू त्यांची कोण?”

मी कोण? अमक्याची भाची. चहा पाजल्याशिवाय जिला कुणी उठू दिलं नाही अशी पाहुणी. सासू शेजारी बसलेली असताना कुठली सून पाहुणीला सांगेल, की माझ्या वाट्याला काल अर्धीच आली? सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ते मामाच्या ओसरीवर. पुण्याच्या पोरीला हे कळलं नसतं तर चाललं असतं. मला कळायला पाहिजे होतं.

तपासणीला महिना उरला होता. डोळे भरून आले. म्हटलं, “मग जाऊ का मी गावी?”

“जा की. दोन दिवस जा. तुझी आई काल काय जेवली?”

मला माहीत नव्हतं.

“बघून ये,” मॅडम म्हणाल्या आणि पुढचा फॉर्म उचलला.

शिरूर अनंतपाळच्या पुढं आमचं गाव. गेल्या गेल्या आईला विचारलं, “काल काय जेवलीस?”

“जेवले की, माय. हेच इचारायला शिकून राहिलीस का तिकडं?”

मग विचारणं सोडलं आणि तव्यापाशी बसले. आठ भाकरी झाल्या. बाबांनी अडीच खाल्ल्या, भावानं तीन, मी दोन. माझी दुसरी तर नको नको म्हणताना आईनंच ताटात टाकली होती. उरलेली अर्धी तिनं चटणीला लावून खाल्ली, तीही उठता-बसता. मी बघतेय हे तिला कळलं. “लई शिकलीस,” म्हणाली, “आता पाणी दे.”

परत येऊन मॅडमना हे सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “मग असंच विचार.”

पुन्हा त्याच चाळीस घरी गेले. “परत आलीस? आमचं जेवण पचंना का तुला?” अशी थट्टा झाली. या वेळी ओसरीवर नाही, स्वयंपाक चालू असताना आत बसले. भाकरी किती केल्या, कुणी किती खाल्ल्या, एवढंच विचारायचं. दुसऱ्यांचं खाणं बायका हौसेनं सांगतात. सासवासुद्धा मधे पडायच्या, “अगं, त्यानं चार खाल्ल्या, तीन काय सांगतीस!” सगळ्यांच्या वजा करून उरेल ती सुनेची. बऱ्याच घरी अर्धी उरली, काही घरी तेवढीही नाही.

तपासणीच्या दिवशी मॅडमनी पहिला गठ्ठाही सोबत न्यायला लावला. “चूक दाखव. ती कशी सापडली, तेच तुझं काम.”

समितीतल्या एका सरांनी विचारलं, “ही रीत कुणाची?”

मी मॅडमकडं पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्या ‘माझी’ म्हणाल्या असत्या तर कुणी हरकत घेतली नसती, मीसुद्धा नाही.

“माझी,” मी म्हटलं. “आणि माझ्या आईची.”

दोन वर्षं मिळाली. पत्र आलं तेव्हा आभार मानायला मॅडमच्या खोलीत गेले. दुपारची वेळ होती. त्यांनी डबा उघडला आणि खुर्ची पुढं सरकवली. डब्यात तीन भाकरी होत्या. आता सवयच लागली होती, मी मोजल्या. दीड त्यांनी खाल्ली, दीड मी.