दुपारी जाणारं वायफाय

मी तापट आहे, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या महिन्यात मी स्वतःलाच नकोशी झाले होते. वडील गेल्यावर आई दिघीजवळच्या समुद्राकाठच्या घरात एकटी पडली, म्हणून नवी मुंबईच्या ऑफिसकडून मी घरून काम करायची परवानगी मागून आणली. साहेबांनी एक महिना बघू म्हटलं. मीटिंगमध्ये नेट तुटत राहिलं, तर मुकाट्याने परत यायचं. आणि आई तर माझ्याबरोबर तिकडे यायला तयारच नव्हती.

माणगावच्या दुकानदाराने विचारलं, "ताई, भिंती कसल्या?"

"चिऱ्याच्या. हातभर जाड."

त्याने दोन अँटेनांचा राउटर दिला. वायर ओटीपर्यंतच आलेली, म्हणून तो ओटीवरच्या फळीवर बसला. मी मागच्या खोलीत बसले, कारण ओटीवर येणारं-जाणारं माणूस भर मीटिंगमध्येही 'जेवलीस का' विचारतं.

सकाळभर नेट झकास. जेवणं उरकली, दोन वाजले, की साहेब तोंड उघडं ठेवून थिजायचे. मी लॅपटॉप काखेत मारून मागच्या दाराने विहिरीपाशी धावायचे; तिथे मोबाइलला रेंज होती. चहाच्या वेळेला परत यावं, तर वायफाय एकदम सुरळीत.

दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं. तो म्हणाला, चार अँटेनांचा न्या. नेला. दोन वाजता तोच तमाशा. मग जेवताना, नारळ खवताना, कुठेही माझं राउटरपुराण सुरू. किती अँटेना, कुठला बँड, जाड भिंत पार होते का.

आई म्हणाली, "तुला बघायला पोरं आली, तवा यवढी चौकशी केली न्हाईस."

मी तिच्यावर उगाच खेकसले.

मुदतीला चार दिवस उरले, तेव्हा अर्धी रजा टाकून पुन्हा माणगाव गाठलं आणि दुकानातला सगळ्यात महाग राउटर उचलला. हाही चालला नाही तर निघायचं, म्हणून माणगावला जाण्याआधीच बॅग मागच्या खोलीतल्या पलंगावर काढून ठेवली होती. एसटीत खोका मांडीवर घेऊन मी सारखी खिडकी उघडत होते, लावत होते.

घरी पोचले तेव्हा अडीच वाजले होते. आई ओटीवर पदर तोंडावर घेऊन झोपलेली. फळीवर राउटर दिसत नव्हता. भाताचा मोठा टोप उपडा घातलेला होता. उचलला, तर खाली राउटर, चारही अँटेना नीट दुमडून ठेवलेल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"आई, हे काय?"

ती उठून बसली. "दुपारचा खारा वारा सुटतो. फ्रिज त्यानंच खाल्ला, तुझ्या बाबांचा रेडिओ पण. उठले की काढते मी."

"रोज?"

"व्हय. ह्यो बिघडला तं तू जाशील ना."

तिची नजर मागच्या खोलीकडे गेली. बॅग तिने पाहिली होती. महिनाभर ज्याच्या त्याच्यावर काढलेला राग एकदम माझ्याच अंगावर आला, आणि फार लाज वाटली. मी तिला एवढंच सांगितलं की टोप ठेवला की आतपर्यंत नेट पोचत नाही. तिने "असं होय" म्हटलं आणि टोप आत नेला. नवा खोका मी उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची मीटिंग दोन तास चालली. साहेब एकदाही थिजले नाहीत. मी आनंदाने ओटीवर आले, तर तिथे अंधार. आमच्याकडे दिवसा पुढचं दार लावत नाहीत. सुतक असो, वादळ असो, आईने ते कधी लावलं नव्हतं. आज कडी घातलेली होती, खिडक्याही बंद. त्या उकाड्यात घामाने भिजून आई राउटरखाली बसली होती.

"झालं तुझं काम?" तिने विचारलं. "मग उघडू का दार?"