वहिनींचा यंत्रवीर आणि निळा खडा

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाग्देवतेला वंदन करून लिहावयास बसलो आहे. आज आमच्या वहिनींचे पहिले वर्षश्राद्ध झाले. पाहुणे परतले. देवघराशेजारच्या फळीवर मात्र वहिनींचा प्लास्टिकचा यंत्रवीर अजून आडवा पडून आहे, आणि त्याच्याविषयी लिहिल्यावाचून वहिनींविषयी लिहिणे शक्य नाही.

वहिनी राग करीत नसत. त्या तो जपत असत, विस्तव राखेखाली जपावा तसा. मी संस्कृतचा शिक्षक. क्षमेचे माहात्म्य त्यांना अनेकदा ऐकवले. त्या ताटे पुसता पुसता शांतपणे म्हणत, "भाऊजी, क्षमा मागणाऱ्याला करतात. यानं मागितलीय कुठे?"

'यानं' म्हणजे कोणी, ते सांगतो. वहिनी नोकरीतून निवृत्त झाल्या त्या सुमारास त्यांचा मुलगा शिरीष याने सुटे तुकडे जोडून महाकाय यंत्रमानवाची प्रतिकृती करण्याचा एक संच विकत आणला. गुरुग्रामच्या कचेरीतून त्याला सवड मिळेना, तेव्हा दिल्लीच्या द्वारका भागातील आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर वहिनींनीच तो खोका उघडला. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले असंख्य तुकडे! प्रत्येक तुकडा त्या आधी दुरून कापीत, मग जवळून. कापल्या जागी राहिलेला खवला घासून काढीत आणि डोळे मिटून त्यावर नख फिरवीत. "डोळे फसतात हो, नख फसत नाही." मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी उघडतात, असे मी एकदा सहज बोललो. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक यंत्रवीराचे डोळे शेवटीच रंगू लागले.

दुसऱ्याचे काम पाहताना मात्र त्यांचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले असत. "दर्शन डोळ्यांनी घ्यावं. गाभाऱ्यात आपण मूर्ती हलवून बघतो का?"

पुढे कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सभागृहात अशा प्रतिकृतींचे प्रदर्शन भरले. वहिनींनी आपला पहिला यंत्रवीर तेथे मांडला. परीक्षक आले. त्यांच्या करंगळीत टपोऱ्या निळ्या खड्याची अंगठी होती. त्यांनी यंत्रवीराला दंडाला धरून उचलले, आणि खांदा कट्‌कन मोडला.

"आंटीजी, जॉइंट ही ढीला था," परीक्षक हसून म्हणाले. "वैसे, बेटे ने बनाया है न?"

वहिनींनी तुकडे पदरात वेचून घेतले. मेट्रोत त्यांनी ते मांडीवर ठेवून मोजले. मग म्हणाल्या, "मोडलं ते मोडलं, भाऊजी. पण 'माझ्याकडून मोडलं' हे त्या निळ्या खड्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी मरायची नाही."

पुढच्या प्रदर्शनापर्यंत त्या एकाच कामात गढल्या होत्या. तोच मोडका यंत्रवीर त्यांनी पाटावर आडवा निजवला. पाटावर अंथरायला शिरीषकडून खास पानिपतची सतरंजी मागवली आणि तिचा तुकडा कापून घेतला. "पडलेल्या वीराखाली पानिपतचंच कापड हवं," म्हणाल्या. त्याच्यावर झेपावणारा माणसाचा प्रचंड हात त्यांनी पुट्टीने घडवला. नखे, शिरा, बोटांवरचे केस. आणि करंगळीत टपोरा निळा खडा. यंत्रवीराच्या डोळ्यांचा रंग तेवढा खरवडून ते कोरे केले. "तो कबूल करेल त्या दिवशी उघडीन."

प्रदर्शनात तेच परीक्षक आले. त्या हातापुढे गर्दी जमली होती. दिल्लीतल्याच मुनिरका वस्तीतून आलेली एक विद्यार्थिनी निरागसपणे ओरडली, "सर, अंगूठी तो बिल्कुल आपकी है!" सभागृह हसले. मीही हसलो, आणि ईश्वरसाक्ष सांगतो, तसे सुख मला कोणत्याही तीर्थात मिळाले नव्हते. परीक्षकांनी हात झटकन खिशात घातला.

"जेब में नहीं, साहब," वहिनी म्हणाल्या. "पीछे रखिए."

त्यांनी वहिनींना पहिला क्रमांक दिला. वहिनी मंचापाशी गेल्या, पण मानचिन्हाला त्यांनी हात लावला नाही. "नंबर रहने दीजिए. ये हाथ किसका है, बस इतना बता दीजिए."

"अरे आंटीजी, आर्ट है. किसी का भी हो सकता है."

वहिनी रिकाम्या हातांनी परत फिरल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरले. शेवटच्या दिवसांत मला ओळखल्यावर त्या एवढेच विचारीत, "बोलला का?" मी नकारार्थी मान हलवीत असे. ते वाक्य न ऐकताच वहिनी गेल्या. राखेखालचा विस्तव माझ्या वाट्याला आला.

म्हणून वर्षश्राद्धाच्या भोजनाचे निमंत्रण मी त्या परीक्षकांना स्वतः फोनवर दिले. श्राद्धाचे निमंत्रण सज्जनाला नाकारता येत नाही, आणि दुर्जनाला तर मुळीच नाही. ते पांढरी फुले घेऊन आले. फळीपुढे पोहोचताच त्यांची पावले थांबली. कोणी न सांगता त्यांचे दोन्ही हात पाठीमागे गेले. बराच वेळ ते त्या कोऱ्या डोळ्यांकडे पाहत राहिले. मग माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "पंडितजी, मुझसे टूटा था."

'जाने दीजिए' हे शब्द सवयीने माझ्या ओठांवर आले होते. पण ते उच्चारण्याचा अधिकार माझा नव्हता. मी वहिनींच्या तसबिरीकडे बोट दाखवले. "उनसे कहिए. ज़रा ज़ोर से. ऊँचा सुनती थीं."

वहिनींचे कान अखेरपर्यंत तीक्ष्ण होते, हे येथे नमूद करतो.

"मुझसे टूटा था, आंटीजी!" ते मोठ्याने म्हणाले. वडे-खिरीच्या पानांवर बसलेले सारे नातेवाईक घास हातात धरून थबकले. मग मी परीक्षकांना सन्मानाने पानावर बसवले आणि स्वतः वाढले.

आता वहिनींची सर्वांत बारीक कुंचली घेऊन फळीपुढे बसलो आहे. एक डोळा उघडून झाला आहे. दुसरा हे लिहून झाल्यावर उघडीन.

वाचकहो, परमेश्वर तुम्हांला आणि तुमच्या घरादाराला निरामय ठेवो. तुमच्या हातून कोणाचे काही मोडले असेल, तर ते ऐकणारा हयात असतानाच कबूल करण्याची बुद्धी तो तुम्हांला देवो. आणि कोणी तुमचे मोडले असेल, तर तुमच्यामागे एखादा चिवट दीर अवश्य ठेवो.