परभणीच्या दोन दुकानांतले दोन कॅमेरे

ताडकळस, शनिवार

सौ. सुमनवन्सं यांना साष्टांग नमस्कार.

तुमची मनीऑर्डर पोचली, बाकीचे मी घातले. घरात आलं आणि लागलं ते असं: झूमचा कॅमेरा एक, वापरलेला, अठराशे. त्याचा सेल, एकशे दहा. छत्तीस फोटोंचा रोल, नव्वद. आत्याबाईंच्या चष्म्याची काडी, आठ. दोघींची एसटी जाऊन-येऊन, चोवीस.

तुमच्या जिंतूरच्या भजनातल्या बायांनाही कॅमेरा घ्यायचाय म्हणून लिहिलंत, तर हे त्यांना वाचून दाखवा. त्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. मामंजींनी जत्रेत फोटो काढून घेतला आणि तो हाती यायच्या आत ते गेले. फोटोवाला पुढच्या जत्रेला गेला. तेव्हापासून आत्याबाई म्हणतात, फोटो आयुष्य ओढून घेतो. आता त्या अठ्ठ्याहत्तरीत आहेत आणि तुमच्या आई-वडिलांपैकी कुणाचाच चेहरा घरात कागदावर नाही. म्हणून तुमचं-माझं ठरलं, लांबून, त्यांना न कळता, एक तरी काढायचा.

मी देवाला कौल लावला. उजवं फूल पडलं. पण कॅमेरा घ्यावा का, एवढंच विचारलं होतं. कोणता घ्यावा आणि चोरून काढावा का, हे विचारायचं राहिलं.

मंगळवारी सकाळची गाडी धरली. चष्म्याची काडी बसवायची म्हणून आत्याबाई माझ्याआधीच गाडीत चढल्या. नको कसं म्हणणार? पिंगळीपर्यंत रस्ता असा, की मागच्या सीटवर बसू नये. आम्ही बसलो.

परभणीत आत्याबाईंना चष्मेवाल्याकडे बसवलं आणि स्टँडाजवळच्या दुकानात गेले. तिथला कॅमेरा नवा, साधा, साडेसहाशेचा. पेन्सिल सेल चालतात, ते आपल्या गावातही मिळतात. हलका. त्यातून रस्त्यापलीकडचा रिक्षावाला पाहिला तर ज्वारीच्या दाण्याएवढा.

"चेहरा कळत नाही हो," मी म्हणाले.

"मग जवळ जायचं की ताई."

"जवळ जाता येत नाही."

"का? भांडण हाय का?"

मी उठले.

दुसरं दुकान चष्मेवाल्याच्या शेजारी. म्हाताऱ्या दुकानदाराला सगळे चाचा म्हणतात. त्यांच्याकडे झूमचा होता. बटन दाबलं की नळी सुळकन बाहेर येते आणि लांबचं जवळ दिसतं. समोरच्या चहावाल्यानं मिशीला कलप लावलेला कळला, मुळं पांढरी होती. चाचांनी खोड आपणहून सांगितली, की फ्लॅश चालत नाही, म्हणून किंमत कमी. त्याला जड सेल लागतो, तो परभणीतच मिळतो. नळी पुढे काढली की हात हललेला चालत नाही, भिंतीला टेकून उभं राहावं.

मी टेकून उभीच होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय बघायलीस गं?"

आत्याबाई. काडी बसली होती. त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला, डोळ्याला लावला, चाचांनी बटन दाबून दिलं.

"अगं बया! जवळ आलं की!" मग कॅमेरा खाली करून माझ्याकडे बघितलं. "माज्यासाठीच घ्यायलीस न्हवं?"

पिशवीत देवाचा नारळ होता. खोटं बोलता येईना. हो म्हणाले, आणि स्टँडाजवळच्या साडेसहाशेच्यात लांबून चेहरा कळत नाही, हेही सांगितलं.

आत्याबाई चाचांकडे वळल्या. "लांबून काढला तर आयुष्य कमी जातं का हो?"

"माय, उमर वरचा देतो. ह्याच्यात फकत छत्तीस फोटो बसतेत."

आत्याबाईंनी विचार केला. "तरी लांबूनच बरं. हाच घे. तो साडेसहाशेचा लय जवळ यायला लावंल." आणि कव्हर फुकट घेतल्याशिवाय त्या दुकानातून हलल्या नाहीत.

परवा शेतात पहिला फोटो काढला. आत्याबाई विहिरीपाशी पदर नीट करून उभ्या. मी उलट्या पावलांनी मागे. "आनखी लांब जा. आनखी!" मी शेजाऱ्याच्या कापसात पोचले तेव्हा त्यांनी मान हलवली. झूम पूर्ण काढला, कडुलिंबाला टेकले, दाबलं.

"झालं?"

"झालं!"

"काईच न्हाई वाटलं."

बायांना माझा सल्ला असा, की घरची माणसं समोर बसत असतील तर साधा कॅमेरा पुरे. आमच्याकडे बसत नव्हती.

रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही. पस्तीस उरलेत. मी ते देवाचे आणि सणांचे म्हणून ठेवले होते. काल आत्याबाई तांदूळ निवडता निवडता, वर न बघता म्हणाल्या, "सुमन आली की तिच्यासंगं माजा एक काढ. तो मातर जवळून."

मी म्हटलं, "अन् आयुष्याचं?"

"माजं हाय. कुठं खर्चायचं ते मी बघीन."

तेव्हा कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीनं येता ते उलट टपाली कळवा. दुपारी तीनच्या आत पोचेल अशीच गाडी धरा. नंतर उजेड पुरत नाही.