डोंगरावर भेटलेला मयत

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. पण एक गृहस्थ गेलेल्या माणसाची खबर घेऊन ठाण्यात आले, ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. मी तेव्हा पुण्यात, कर्वेनगरच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. हजेरी घेऊन नुकताच खोलीत येऊन बसलो होतो. ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, "साहेब, बाहेर एक काका बसलेत. त्यांची तक्रार कशी लिहायची तेच कळत नाही."

काका बँकेतून निवृत्त झालेले होते. इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री. मी बसायला सांगितले.

"बसतो. पण आधी एवढं सांगा, गेलेला माणूस दिसला तर त्याची नोंद कशात करतात? हरवलेल्यांत की सापडलेल्यांत?"

मला वाटले, गृहस्थ खात्याची टर उडवायला आले आहेत. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. ते पत्नीसह देवीच्या दर्शनाला गेले होते. पुण्यापासून दोन-तीन तासांवरचा तो डोंगर. नाव मुद्दाम लिहीत नाही. अर्ध्या वाटेवर एक माणूस भाविकांना पाणी देत होता.

"मी पाणी प्यायलो आणि मग वर बघितलं. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा. मागच्या वर्षी स्मशानात मी त्याला खांदा दिलाय, साहेब."

"त्याने ओळखलं तुम्हाला?"

"नमस्कार केला. म्हणाला, काका, सावकाश चढा, पुढच्या पायऱ्या निसरड्या आहेत."

"मग?"

"मग काय? उतरलो. दर्शन न घेता. बायको अजून माझ्याशी बोलत नाही."

काकांनी सांगितलेल्या नावाची शहानिशा केली. हा चाळिशीचा माणूस खराडीच्या एका कंपनीत नोकरीला होता. एके दिवशी डबा घेऊन घराबाहेर पडला तो परतलाच नाही. बायकोने मिसिंग दाखल केली होती. काही महिन्यांनी दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत नदीत एक प्रेत मिळाले. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, आई आणि बायकोने शवागारात जाऊन ओळख पटवली, प्रेत ताब्यात घेतले. कागद चोख होते. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

म्हणजे एक तर काकांची नजर चुकली होती, किंवा दुसऱ्याच कुणाचे तरी प्रेत या माणसाच्या नावावर खपवले गेले होते. दुसरे खरे असेल तर मामला खुनापर्यंत जाऊ शकत होता. माझ्या हाताखालचा उपनिरीक्षक उतावीळ झाला. म्हणाला, "साहेब, बायकोला आत्ताच बोलावू." मी नको म्हटले. तिचा हात असेल तर ठाण्यातून बोलावणे गेल्याबरोबर वर निरोप जाईल आणि पाणी देणारा माणूस नाहीसा होईल. आधी तो आहे की नाही हे बघायला हवे होते. आणि ते गणवेशात बघता येणार नव्हते.

अशा रीतीने मी भाविक झालो. घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "इतकी वर्षं मी म्हणतेय देवीला जाऊ. खात्याने का होईना, बुद्धी दिली." वरिष्ठांच्या कानावर घातले, तिथल्या ठाण्यालाही कळवले आणि पहाटे निघालो. एक हवालदार साध्या कपड्यांत, नारळाची पिशवी घेऊन, थोडे अंतर ठेवून मागे.

पायथ्याशी खण-नारळाची दुकाने होती. सौभाग्यवतींनी ओटीचे सामान घेतले, चपला एका दुकानात ठेवायला लावल्या. अनवाणी डोंगर चढायची पोलिसाला सवय नसते. खडे टोचत होते आणि माझे लक्ष माणसांच्या चेहऱ्यांकडे होते. पुढे एक नवरा मुलगा नव्या नवरीला उचलून पाच पायऱ्या चढत होता आणि घरची मंडळी हसत होती. एक म्हातारे प्रत्येक पायरीला हात लावून तो कपाळाला लावत होते. सौभाग्यवती पायरीपायरीला हळद-कुंकू वाहत होत्या. गर्दीतला माणूस हेरण्यात माझी हयात गेली. पण तिथे मला कोणीच वेगळा दिसेना. कपाळाला मळवट, चेहऱ्यावर घाम, डोळे वर लागलेले. चोर, सावकार, मास्तर, सगळे एकसारखे. अशा ठिकाणी माणूस आपला चेहरा खालीच ठेवून येतो की काय, असे मला वाटून गेले.

एका वळणावर उंबराखाली दोन माठ होते आणि त्यांच्याजवळ मिसिंगच्या कागदांवरच्या फोटोतला माणूस उभा होता. दाढी वाढलेली, पण तोच. मी ओंजळ पुढे केली. पाणी प्यायलो आणि सहज विचारावे तसे नाव विचारले.

त्याने नाव सांगितले. वडिलांचे नाव, आडनाव, सगळे. राहणार कर्वेनगर. सोसायटीचेही नाव सांगितले.

मला काही सुधरेना. नाव बदललेले, मिशी काढलेले, वेड पांघरलेले फरारी मी पाहिले होते. आपला पत्ता पूर्ण सांगणारा फरारी पहिल्यांदाच पाहत होतो.

"घरी माहीत आहे का तुम्ही इथे आहात ते?"

"नसेल. सांगून आलो नाही." मग माझ्याकडे नीट बघून तो म्हणाला, "आपण पोलीस आहात का? दर्शनाला आलेला माणूस एवढं विचारत नाही."

मी हो म्हटले. तो पळाला नाही. रांगेतल्या बाईला पाणी देत देत सांगू लागला. नोकरी गेली होती. घरी सांगायचा धीर झाला नाही. कितीतरी दिवस डबा घेऊन निघायचा, कुठेतरी बसून डबा खायचा, संध्याकाळी परतायचा. एके दिवशी एस.टी.त बसला आणि इथे उतरला.

"दर्शन घेऊन संध्याकाळी घरी जायचं आणि सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. इथवर चढलो. इथे माठ रिकामा होता, लोक तहानलेले होते. म्हटलं, एक हंडा आणून ओततो आणि मग वर जातो."

"आणि मग?"

"वर गेलोच नाही अजून. दर्शन झालं की खाली उतरावं लागेल ना, साहेब."

वर्ष उलटून गेले होते आणि हा माणूस देवीच्या डोंगरावर राहून देवीपुढे गेला नव्हता. खुनी शोधायला आलेला मी त्या उंबराखाली बावळटासारखा उभा होतो. शेवटी सांगायचे ते सांगितले. "तुमच्या घरी तुमचं दहावं-तेरावं झालंय. नदीत एक प्रेत मिळालं. तुमचं म्हणून."

त्याच्या हातातला तांब्या वाकडा झाला तो तसाच राहिला. समोरच्या बाईची ओंजळ भरून वाहू लागली.

"आई आहे?" त्याने विचारले.

"आहेत."

"तिने बघितलं ते?"

"त्यांनीच ओळखलं."

तो पायरीवर बसला. हवालदार पुढे सरकला, पण सौभाग्यवती मध्ये आल्या. त्याला म्हणाल्या, "उठा भाऊ. आधी वर चला. मग काय खाली उतरायचं ते उतरू." तो लहान मुलासारखा त्यांच्यामागून चालू लागला. गाभाऱ्यात त्याने डोके टेकले ते बराच वेळ उचलले नाही. मागून पुजाऱ्यांचा "चला, पुढे चला" असा आवाज येत होता. मी नमस्कार केला, पण काय मागावे ते सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला बोलावले. महिला उपनिरीक्षक सोबत बसल्या. बाई एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरीला होत्या, शांत होत्या. नवरा जिवंत आहे हे सांगितल्यावर त्यांनी पदर घट्ट धरला. आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही. तिथेच माझा संशय बळावला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग प्रेत ओळखलंत कसं?"

"मी नाही ओळखलं. चेहरा ओळखण्यासारखा नव्हताच. आईंना डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनी हात हातात घेतला आणि म्हणाल्या, माझाच आहे. आणि रडल्या. हे गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या. तोवर लिफ्ट वाजली की दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. जेवण जवळजवळ सुटलं होतं."

"आणि तुम्ही?"

"मी पाय बघितले. मला ते पाय त्यांचे वाटले नाहीत. शर्टही ओळखीचा नव्हता. मग वाटलं, पाय पाण्यात राहून तसे झाले असतील, शर्ट मधल्या महिन्यांत घेतला असेल. तिथल्या पोलिसांनी विचारलं, हेच ना? आई हो म्हणाल्या. मीही हो म्हटलं."

"म्हणजे खोटं बोललात."

"मला माहीत होतं की नव्हतं, हेच मला माहीत नाही, साहेब. त्या दिवशी घरी आल्यावर आई जेवल्या."

मी तोच प्रश्न चार तऱ्हांनी विचारला. उत्तर तेच आले. खोटे बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो. या बाई भर घालत नव्हत्या.

त्याला घरी नेले तेव्हा मी सोबत होतो. त्याच्या वृद्ध आई, त्या आजी, कॉटवर बसल्या होत्या. सुनेने आधी सांगून ठेवले होते. त्यांनी त्याचा हात चाचपला, चेहरा चाचपला, दाढीवरून बोटे फिरवली. तो ओक्साबोक्शी रडत होता. त्या रडल्या नाहीत. काही वेळाने म्हणाल्या, "मग तो कोण होता रे?"

मग त्या माझ्या दिशेने वळल्या. "अहो साहेब, ज्याला मी माझा म्हणून पोचवलं, तो कोण होता? त्याच्या घरी दाराशी कोणी उभं असेल ना?"

आम्ही सगळे जिवंत माणसाच्या मागे होतो. मेलेल्याची आठवण काढणाऱ्या त्या पहिल्याच.

नदीत प्रेत मिळाले त्या सुमारास हरवलेल्या माणसांच्या घरच्यांना आम्ही त्याच्या कपड्यांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. बरेच जण आले, पाहून गेले. मग वाघोलीहून एक बाई आली. नवरा बांधकामांवर पाण्याचा टँकर चालवायचा. शर्टाचा फोटो तिने उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो त्यांचाच हाय. ह्ये खालचं बटण म्या लावलंय. दोरा काळा व्हता घरात, म्हणून काळ्यानंच लावलं."

शवविच्छेदनात राखून ठेवलेला नमुना तिच्या मुलाच्या रक्ताशी जुळला. तिचा नवरा पाण्यात पडला, की त्याने जीव दिला, की कोणी ढकलले, ते शेवटपर्यंत कळले नाही. अंगावर घातपाताची खूण नव्हती, एवढेच.

तिने मला एकच विचारले, "त्यास्नी अग्नी कुणी दिला?" मी सांगितले. ती म्हणाली, "मला त्या घरी न्या."

आजींनी तिला जवळ बसवून घेतले. मग आजी म्हणाल्या, "तेराव्याला मी पुरणपोळी केली होती. माझ्या मुलाला आवडते म्हणून. तुझ्या नवऱ्याला काय आवडायचं ग?"

ती संकोचली. त्या शाकाहारी घरात ते नाव घ्यावे की नाही, कळेना तिला. "सुकट," ती हळूच म्हणाली. "आन् बाजरीची भाकर."

आजींनी मान हलवली. "मला ते करता येत नाही. तू करशील इथे? आमच्याच चुलीवर?"

डोंगरावरच्या माणसाच्या बायकोवर खोट्या माहितीचा गुन्हा दाखल करावा का, यावर बरीच चर्चा झाली. त्यांनी जाणूनबुजून खोटे सांगितले हे सिद्ध होण्यासारखे नव्हते, म्हणून केला नाही. तो निर्णय बरोबर होता का, हे आजही मला ठामपणे सांगता येत नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी हाताखालच्या लोकांना एक गोष्ट बजावत राहिलो. शवागारात नातेवाइकांना 'हाच ना?' असे विचारू नका. वाट बघून थकलेला माणूस त्या प्रश्नाला हो म्हणतो, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दारात वाट बघणे तसेच चालू राहते. नुसते 'कोण आहे?' असे विचारा आणि गप्प उभे राहा.